टपावरचा डबा आणि फ्रान्सचा टोल: मुंबईच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोन भाऊ आणि त्यांची बिऱ्हाडं. थोरले पार्ल्यात, निवृत्त स्थापत्य अभियंता. धाकटे ठाण्यात, स्वतःचा छोटा व्यवसाय. दोघांच्या बायका, थोरल्यांचा मुलगा, धाकट्यांच्या दोन मुली आणि ऐंशीच्या पुढच्या आजी. एकूण आठ माणसं. फ्रान्समध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचं ठरलं आणि आखणीसाठी ते माझ्याकडे आले. मी पार्ल्यातच बसते आणि अशाच सहलींची आखणी करून देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम जसाच्या तसा आहे.

मार्ग सरळ होता. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर गाडी घ्यायची, पहिले दिवस व्हर्सायजवळच्या घरात, मग ए-६ महामार्गाने बोनपर्यंत, तिथून आनसी, ग्रेनोबल-व्हॅलेन्सच्या बाजूने आव्हिन्यों आणि शेवटी नीस. चालक दोघे: धाकटे आणि थोरल्यांचा मुलगा. दोघांनी आपापल्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालकासह नऊ आसनांपर्यंतची आणि ३.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते, त्यामुळे नऊ आसनी व्हॅन घ्यायला आडकाठी नव्हती.

आडकाठी सामानाची होती. नऊ आसनी व्हॅनमध्ये आठ माणसं बसली की मागे उरते ती जागा आठ मोठ्या बॅगांना पुरत नाही. त्यात आजींचं पथ्य. भाजणी, मेतकूट, दोन किलो पोहे आणि एक लहान प्रेशर कुकर. 'कुकर नको' हे आजींना सांगायची हिंमत दोन्ही मुलांपैकी कुणाची नव्हती. मग टपावर बसवायचा बंद डबा, म्हणजे रूफ बॉक्स, भाड्याने घ्यायचं ठरलं. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या डब्यातून निघाली.

नेमका प्रश्न

आपल्याकडे टोल ठरतो तो वाहनाच्या प्रकारावर, वजनावर आणि आसांच्या (ॲक्सलच्या) संख्येवर. राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काचे २००८ चे नियम घ्या किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा दरफलक वाचा: मोटार, टेम्पो-मिनीबस, दोन आसांचा ट्रक, बस, तीन आसांचं वाहन, बहुआसी वाहन. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दरांनुसार द्रुतगती मार्गावर मोटारीला ३२० रुपये, मिनीबसला ४९५ आणि बसला ९४० रुपये. अर्टिगाच्या टपावर ताडपत्रीखाली गाद्या बांधा, सायकली बांधा, खालापूरला कुणी ढुंकून बघत नाही. फास्टॅगवर मोटार लिहिलंय, तर मोटार. ठाण्याच्या माणसाला तर ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेश-नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलच नाही, त्यामुळे मुलुंड नाक्यावर काच खाली करायची सवयही मोडली आहे.

म्हणून धाकट्यांचा पहिला प्रश्न अगदी आपल्या मातीतला होता: "नऊ सीटर म्हणजे तिकडे मिनीबसचा टोल लागेल का हो?"

नाही लागणार. फ्रान्समध्ये आसनं मोजत नाहीत, गाडीची उंची मोजतात. तिथली वर्गवारी अशी: एकूण उंची २ मीटर किंवा कमी आणि कमाल अनुज्ञेय वजन ३.५ टनांपर्यंत, तर वर्ग १. उंची २ ते ३ मीटरच्या दरम्यान आणि वजन तेवढंच, तर वर्ग २. उंची ३ मीटर किंवा जास्त असेल, अथवा वजन ३.५ टनांच्या वर असेल, तर दोन आसांना वर्ग ३ आणि त्याहून जास्त आसांना वर्ग ४. मोटरसायकली वर्ग ५ मध्ये. गाडीला मागे जोडगाडी (ट्रेलर) असेल तर दोन्हींपैकी जी जास्त उंच तिची उंची धरतात. ही पद्धत पहिल्यांदा विचित्र वाटते, पण नाक्याच्या दृष्टीने सोयीची आहे. पुढे सरकणाऱ्या गाडीचं वजन पटकन कळत नाही, उंची आणि आस मात्र प्रकाशकिरणांच्या पडद्यातून गाडी गेली की कळतात.

नऊ आसनी व्हॅन बनवणाऱ्यांनाही ही दोन मीटरची रेषा ठाऊक असावी असं त्यांची मापं बघून वाटतं. रेनो ट्रॅफिकचं कमी उंचीचं मॉडेल साधारण १.९७ मीटर, मर्सिडीज व्हिटो १.९१ च्या आसपास. म्हणजे नुसती व्हॅन वर्ग १ मध्ये बसते, तीही तीन बोटांच्या फरकाने. तिच्यावर आडव्या पट्ट्या आणि डबा चढवला की उंची सहज सव्वादोन मीटरच्या पुढे जाते आणि नाक्यावरचं यंत्र वर्ग २ वाचतं. वर्ग २ चा दर वर्ग १ च्या साधारण दीडपट असतो.

नियमाप्रमाणे मात्र टपावरचं सामान उंचीत धरायचं नसतं. मुळात वर्ग १ ची असलेली गाडी डबा किंवा सायकली वर चढवल्यामुळे २ मीटरच्या वर गेली, तरी ती वर्ग १ चीच राहते. यंत्राला हे कळत नाही, कारण त्याला डबा आणि छप्पर यांतला फरक दिसत नाही. तो फरक माणसाला दाखवावा लागतो आणि त्यासाठी भरणा-यंत्रावर मदतीचं बटण असतं.

इथवर प्रश्न पैशांचा होता. त्याच्या शेजारीच दुसरा एक प्रश्न उभा होता, तो मला जास्त काळजीचा वाटत होता. दर ठरवताना डबा मोजायचा नाही हे खरं, पण कमानीखालून, बोगद्यातून, वाहनतळातून जाताना डबा मोजावाच लागतो. एकाच गाडीच्या दोन उंच्या: एक दराची, एक वाटेची. कुटुंबाचं सगळं लक्ष पहिलीवर होतं.

समोरचे पर्याय

पार्ल्यातल्या बैठकीत चार वाटा पुढे आल्या.

दोन लहान मोटारी घेणं हा थोरल्यांचा आग्रह. प्रत्येक गाडी निखळ वर्ग १, डब्याची कटकट नाही, जुन्या शहरांच्या गल्ल्यांत वळणं सोपी. पण टोल दोनदा. इथे थोरल्यांनीच कागदावर आकडे मांडले आणि स्वतःचाच मुद्दा खोडला: दोन गाड्या म्हणजे टोल दुप्पट, एका व्हॅनला वर्ग २ लागला तरी तो दीडपट. म्हणजे प्रत्येक नाक्यावर चुकून जास्त भरलं तरी टोलच्या हिशेबात व्हॅनच स्वस्त. वर दुसऱ्या गाडीचं भाडं, इंधन आणि दोन्ही चालकांना रोज दिवसभर चाकामागे बसणं. शिवाय आजींना कोणत्या गाडीत बसवायचं यावर रोज सकाळी चर्चासत्र झालं असतं, ते वेगळंच.

उंच छपराची मोठी व्हॅन घेतली असती तर सगळं सामान आत मावलं असतं. ती खरोखरच वर्ग २ ची, त्यामुळे नाक्यावर वाद नाही, बटण नाही. येईल तो आकडा भरायचा. माझ्या अंदाजाने या मार्गावर वर्ग १ आणि वर्ग २ मधला एकूण फरक चाळीसेक युरो, म्हणजे चार हजार रुपयांच्या आसपास होता. आठ माणसांच्या सहलीत हा खर्च काही मोठा नव्हता. मला हा पर्याय आवडला होता. पण भाड्याच्या संकेतस्थळांवर उंच छपराची नऊ आसनी गाडी त्या तारखांना मिळत नव्हती, आणि 'किंवा तत्सम' या दोन शब्दांमुळे तीच मिळेल याची हमीही नव्हती.

तिसरी वाट म्हणजे कमी उंचीची व्हॅन आणि टपावर डबा. चौथी म्हणजे तीच व्हॅन, डबा नाही, आणि प्रत्येकी एकच छोटी बॅग. ही चौथी वाट धाकट्यांच्या मोठ्या मुलीने सुचवली. तिच्या काकूंनी ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली.

शेवटी तिसरी ठरली. टोलच्या दृष्टीने ती स्वस्त, पण सर्वांत जास्त सावधपणा मागणारी.

मुंबईत काय तयारी झाली

थोरल्यांनी मोजपट्टी सामानात टाकली. सुरुवातीला सगळे हसले, पण पुढे सहलीतली सर्वांत कामाची वस्तू तीच ठरली.

कार्डांची तयारी केली. २०२० पासून आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार स्वतःहून चालू करावे लागतात आणि फ्रान्सच्या बहुतेक मार्गिकांवर माणूस नसतो. म्हणून एक फॉरेक्स कार्ड आणि एक क्रेडिट कार्ड, दोन वेगवेगळ्या चालकांकडे.

नॉर्मंडीचा एक दिवस मूळ आराखड्यात होता, तो मी रुळांवर वळवला. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-१३ वर २०२४ च्या अखेरीपासून नाकेच उरलेले नाहीत. वरच्या कमानीवरचे कॅमेरे गाडी टिपतात आणि ७२ तासांच्या आत आपण पैसे भरायचे. अशा रस्त्यावर यंत्राने वर्ग २ वाचला तर दाबायला बटण नाही. मागाहून लेखी दाद मागायची, तीही भाड्याच्या गाडीसाठी. त्यापेक्षा सँ-लाझार स्थानकातून व्हर्नोंपर्यंत रेल्वे आणि तिथून जिव्हर्नीला मोनेची बाग, हे आजींनाही मानवलं.

मोठ्या मुलीने कॉलेजात असताना फ्रेंचचे वर्ग केले होते. बटण दाबल्यावर काय बोलायचं, ती तीन वाक्यं तिने लिहून काढली: गाडी वर्ग १ ची आहे, वर सामानाचा डबा आहे, कृपया वर्ग बदला. एवढंच.

या यादीत एक गोष्ट राहून गेली होती आणि ती पुढे येईलच. गाडीत कुणी कुठे बसायचं, हा विचार कुणीच केला नव्हता.

प्रत्यक्ष रस्त्यावर

विमानतळावर कमी उंचीची व्हॅन मिळाली, डबा तिथेच बसवून मिळाला. थोरल्यांनी जमिनीपासून डब्याच्या माथ्यापर्यंत मोजलं: २.३८ मीटर. आकडा कागदावर लिहून चालकासमोर काचेखाली चिकटवला. काउंटरवरच्या तरुणाने हा सोहळा कौतुकाने पाहिला असं नंतर मला सांगण्यात आलं.

त्या कागदाची गरज तासाभरात पडली. विमानतळावरून व्हर्सायला जाताना फोनवरच्या नकाशाने पॅरिसच्या पश्चिमेकडून ए-८६ चा रस्ता दाखवला. या रस्त्याचा रुई-मालमेझों ते व्हेलिझी हा भाग दुमजली बोगद्यातून जातो, त्याला डुप्लेक्स म्हणतात. तिथे २ मीटरपेक्षा उंच गाडीला मनाई आहे, आणि इथे सामान धरायचं की नाही असा प्रश्नच नाही. छत ते छत. नकाशाला गाडी म्हणजे मोटार एवढंच ठाऊक. बोगद्याआधीचे उंचीचे फलक दिसले, थोरल्यांनी मागून "दोन अडतीस, दोन अडतीस" असा गजर केला आणि मुलाने आधीच्या फाट्यावर गाडी बाहेर काढली. अर्धा तास जास्त लागला.

दोन दिवसांनी बोनकडे निघाले. फ्लरी-आँ-ब्येअरच्या नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना भरायचं. मार्गिकांची निवड इथे महत्त्वाची. काही मार्गिकांवर २ मीटरची आडवी दांडी असते, त्या फक्त बुटक्या गाड्यांसाठी. ही व्हॅन दराने वर्ग १, पण या दांडीखालून डबा गेला नसता. आणि धाकट्यांच्या डोक्यात दर पक्का बसला होता. "आपण वर्ग १, मग वर्ग १ च्या रांगेत जाऊ," असं म्हणत त्यांनी चाक वळवायला घेतलं. पत्नीने हात धरला. वरच्या हिरव्या बाणाची, दांडी नसलेली मार्गिका घेतली गेली. या साऱ्या प्रकरणात सर्वांत महाग पडू शकला असता तो हा क्षण, आणि त्याचा टोलच्या रकमेशी काही संबंध नव्हता. डबा फुटला असता तर भाड्याच्या कराराप्रमाणे भरपाई, शिवाय महामार्गावर विखुरलेलं मेतकूट.

बोनला बाहेर पडताना पडद्यावर वर्ग २ आला. मागे गाड्यांची रांग. फ्रान्समध्ये चालक डावीकडे बसतो, यंत्र त्याच्या डाव्या हाताला. बटणही तिथेच, बोलायची जाळीही तिथेच. आणि फ्रेंच येणारी मुलगी तिसऱ्या रांगेत उजव्या कोपऱ्यात, दोन बॅगांमध्ये. "अगं, तू बोल ना, तुलाच येतं!" "बाबा, मला ऐकूच येत नाहीये तिकडचं!" मागून एक हॉर्न वाजला. धाकट्यांनी कार्ड लावलं, दांडा उठला, गाडी बाहेर. दहा युरोंच्या आसपास जास्त गेले. पावतीचं बटण दाबायचं राहिलं.

या निर्णयाच्या बिंदूबद्दल मी नंतर त्यांच्याशी सविस्तर बोलले, कारण तो माझ्या जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बाबतीत येतो. आपल्या नाक्यावर फास्टॅगची गडबड झाली तर खिडकीत माणूस असतो. त्याच्याशी वाद घालता येतो, मागचे हॉर्न वाजवतात, त्यांनाही दोन शब्द सुनावता येतात. इथे समोर यंत्र होतं आणि वाद घालायला कुणी नाही अशी भावना. प्रत्यक्षात जाळीपलीकडे माणूस होता, कॅमेऱ्यात गाडी त्याला दिसत होती. पण तो दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं धाकट्यांना वाटलं. आपली चूक नसताना आपल्यामुळे रांग थांबली याची लाजही होती. दहा युरो देऊन ती लाज सुटत असेल तर माणूस देतो.

त्या रात्री बोनच्या मुक्कामी जागा बदलल्या गेल्या. मोठी मुलगी चालकाच्या थेट मागे, डाव्या खिडकीशी. तीन वाक्यांचा कागद चालकाकडेही, देवनागरीत लिहून. आणि धाकट्यांनी चाक पुतण्याकडे दिलं. तसं कारण त्यांनी पाठदुखीचं सांगितलं.

आनसीच्या आधीच्या नाक्यावर पुन्हा वर्ग २ आला. मुलाने काच खाली केली, बटण दाबलं, बहिणीने मागच्या खिडकीतून वाक्यं म्हटली. पलीकडून एक प्रश्न आला, 'डब्याशिवाय गाडी दोन मीटरच्या आत आहे ना?' अशा अर्थाचा. तिने हो म्हटलं. पडद्यावरचा आकडा बदलला. एवढंच झालं. मागे यावेळीही दोन गाड्या होत्या, कुणी हॉर्न वाजवला नाही.

पुढे सगळ्या नाक्यांवर हेच झालं असं नाही. व्हॅलेन्सनंतर ए-७ वरून बाहेर पडताना यंत्राने आपणहून वर्ग १ दाखवला. का, ते कुणालाच कळलं नाही आणि विचारायला कुणी थांबलंही नाही. नीसच्या आधी ए-८ वरच्या एका नाक्यावर बटण दाबूनही बराच वेळ उत्तर आलं नाही. तेव्हा मुलाने स्वतःच ठरवलं की रक्कम किरकोळ आहे, भरून टाकावी. पावती मात्र घेतली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. अशा नाक्यावर ठरावीक रक्कम लागते आणि फरक एक-दोन युरोंचा असतो. तेवढ्यासाठी भर दुपारी आठ माणसांना उन्हात बसवण्यात अर्थ नव्हता.

परिणाम

बोनच्या नाक्याचे जादा पैसे परत मिळाले नाहीत. सहलीनंतर महामार्ग चालवणाऱ्या कंपनीला ईमेल केला, पण पावती नव्हती, फक्त कार्डाच्या खात्यातली नोंद होती, आणि त्या नोंदीवर वर्ग लिहिलेला नसतो. डब्याशिवाय गाडी किती उंच, हे दाखवणारं छायाचित्रही नव्हतं, कारण डबा बसल्यानंतरच सगळ्यांनी फोटो काढले. दोनतीन ईमेलनंतर विषय सोडला. नीसजवळच्या नाक्याची पावती होती, पण एक-दोन युरोंसाठी कुणी अर्ज केला नाही.

एकूण हिशेबात व्हॅन आणि डबा हा निर्णय टिकला. दोन गाड्यांपेक्षा खर्च बराच कमी झाला. उंच छपराच्या व्हॅनच्या तुलनेत टोलमध्ये बचत झाली, पण डब्याचं भाडं धरलं तर ती बचत जवळजवळ तिथल्या तिथे फिटली.

उंचीने टोलच्या बाहेरच जास्त त्रास दिला. डुप्लेक्सचा वळसा तर झालाच, आव्हिन्यों आणि नीस दोन्हीकडे मुक्कामाजवळचे भूमिगत वाहनतळ १.९० मीटर किंवा त्याहून कमी उंचीचे निघाले. तिथे डबा काढला असता तरी १.९७ मीटरची व्हॅन गेली नसती. म्हणजे दराच्या बाबतीत मोटार मानली गेलेली गाडी गाडी लावायच्या बाबतीत मोटार नव्हती. उघड्यावरची जागा शोधायला रोज संध्याकाळी वेळ गेला, आणि आजींना तिथून मुक्कामापर्यंत चालावं लागलं. मुक्कामं निवडताना ही चौकशी मी उंचीच्या आकड्यासकट करायला हवी, ती आता माझ्या यादीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

डबा बसवण्याआधी व्हॅनशेजारी मोजपट्टी धरून एक छायाचित्र काढायला हवं होतं. त्यात वाहन क्रमांक दिसायला हवा. बटण दाबल्यावर तोंडी 'हो' पुरलं हे खरं, पण मागाहून पैसे मागायचे तर त्या एका फोटोला सगळ्यांत जास्त किंमत आली असती. पावतीचं बटण प्रत्येक वेळी दाबायचं, हेही चालकाच्या कागदावर असायला हवं होतं.

बसण्याची जागा ही माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट. आपण मुंबईत आखणी करताना भाषा येणारी व्यक्ती 'गाडीत आहे' एवढ्यावर समाधान मानतो. ती जाळीपासून हातभर अंतरावर हवी. चालकाला तीन वाक्यं पाठ असतील तर उत्तमच. तोडकं फ्रेंच चालतं. इंग्रजीतही काही ठिकाणी काम झालं असतं, पण रांगेत पहिल्या सेकंदाला काय बोलायचं हे ठरलेलं असणं जास्त महत्त्वाचं.

फोनवरच्या नकाशाऐवजी वाहनाची उंची टाकता येईल असं दिशादर्शक ॲप वापरलं असतं तर डुप्लेक्सचा प्रसंग आलाच नसता. अशी ॲप्स ट्रकचालक आणि कॅम्पर-व्हॅनवाले वापरतात. साधी मोटार भाड्याने घेणाऱ्याला त्यांची आठवण होत नाही, आणि डबा चढवल्यावर आपण आता साधी मोटार चालवत नाही हे लक्षात यायला वेळ लागतो.

आणि चौथी वाट. मोठ्या मुलीने सुचवलेली, प्रत्येकी एक छोटी बॅग. परत आल्यावर सर्वांनी कबूल केलं की डब्यातल्या दोन बॅगा संपूर्ण सहलीत उघडल्याच नव्हत्या. कुकर मात्र रोज लागला. डब्याशिवाय गेले असते तर नाक्यावर बटण नाही, दांडीची भीती नाही, आणि ए-१३ सुद्धा खुला. मी त्या बैठकीत या पर्यायाच्या बाजूने जरा जोर लावला असता तर चर्चा वेगळी झाली असती, पण सामानाबद्दल गिऱ्हाइकाच्या घरातल्या बायकांशी वाद घालणं हे माझ्या कामाच्या वर्णनात बसतं का, याबद्दल मला अजून खात्री नाही.

पुढची विचारणा

याच कुटुंबाने आता उत्तर इटली आणि क्रोएशियाच्या सहलीबद्दल विचारलं आहे, आणि धाकट्यांनी आधीच सांगून टाकलं, "आता डब्याचं सगळं कळलंय आम्हाला." ते फ्रान्सपुरतं खरं आहे. इटलीत दोन आसांच्या गाडीची उंची मोजतात ती पुढच्या आसाच्या वर, १.३० मीटरच्या रेषेने. तिथे टपावर काय आहे याला टोलच्या दृष्टीने अर्थ नाही. क्रोएशियात रेषा आहे १.९० मीटरवर, म्हणजे हीच १.९७ मीटरची व्हॅन डब्याशिवायही वरच्या वर्गात जाते आणि बटण दाबून काही बदलायचं नसतं. वाटेत स्वित्झर्लंड घेतलं तर तिथे ३.५ टनांपर्यंतच्या गाडीला वर्षाचा ४० फ्रँकचा स्टिकर, उंची कितीही असो. त्यामुळे या वेळी दोन लहान गाड्यांचा पर्याय पुन्हा कागदावर आला आहे. थोरल्यांनी मोजपट्टी शोधून ठेवली आहे, आणि मी त्यांच्याकडून आधी बॅगांची यादी मागवली आहे.